‘गोव्यातला एक खात्रीचा पोटाचा डॉक्टर सांगा’

पत्र थोडक्यात: हे पत्र उत्तर गोव्यात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३६, शिक्षिका, एक मुलगी ९ वर्षांची. आईला ४६ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, मुंबईला ऑपरेशन केलं, दोन वर्षांत ती गेली. मामाला ५२ व्या वर्षी तोच, तोही गेला. मावशीला २०१९ मध्ये गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, तेव्हा ती ४९ ची, ऑपरेशन झालं आणि आज ती ठणठणीत आहे. आजी ‘पोटात गाठ होऊन’ गेली, यापेक्षा जास्त कोणालाच माहीत नाही. ताईंना स्वतःला वर्षभर गॅस, जेवल्यावर पोट फुगणं, कधी बद्धकोष्ठ कधी उलट, असं चाललंय. तीन डॉक्टर झाले. एकाने वरून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, एंडोस्कोपी करून सगळं नॉर्मल सांगितलं, दुसऱ्याने टेन्शन कमी करा म्हटलं, तिसऱ्याने सरळ कोलोनोस्कोपीची, म्हणजे खालून दुर्बीण घालून मोठं आतडं बघण्याची, तारीखच दिली म्हणून त्या घाबरून परत गेल्याच नाहीत. फॅमिली डॉक्टर म्हणतात आईचा आतड्याचा आणि मावशीचा गर्भाशयाचा, दोन वेगळे आजार, यात अनुवंशिक काही नाही. भाऊ म्हणतो उगाच खणून काढू नकोस, घरातल्या मुलांची लग्नं व्हायचीयत. आणि शेवटी ताई विचारतात, ‘गोव्यात ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा एक पोटाचा डॉक्टर सांगा, की सरळ मुंबई गाठू? आणि माझ्या मुलीचं काय?’

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. तुम्ही माहिती इतकी नीट लिहिलीय, कोणाला कितव्या वर्षी काय झालं ते सगळं, की पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं, तुमच्या हातात असलेला हा एक कागद तीन डॉक्टरांकडे झालेल्या तपासण्यांपेक्षा मोलाचा आहे. त्या तिघांपैकी कोणी तो मागितला का? तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. तिसऱ्याने कदाचित आईबद्दल ऐकून तारीख दिली असेल, पण का देतोय ते सांगितलं नाही, आणि न सांगता दिलेली तारीख माणसाला घाबरवतेच, त्यात तुमची काही चूक नाही.

नाव मी देणार नाही, आणि हे टाळण्यासाठी म्हणत नाहीये. कारण असं की तुम्ही एका माणसात तीन माणसं शोधताय. पोटाच्या तक्रारी बघणारा एक, कोलोनोस्कोपी हाताने चांगली करणारा एक, आणि घरातून आलेला धोका आहे का ते वंशवेलीवरून आणि जीन टेस्टवरून सांगणारा एक. नशिबाने पहिले दोन एकच असू शकतात. तिसरा बहुतेक वेळा वेगळाच असतो. आणि ‘डोळे मिटून’ हा शब्द तर मला या बाबतीत नकोच वाटतो. तुमच्या घरात जे झालंय ते बघता तुम्हाला पुढची वीस-तीस वर्षं डोळे उघडे ठेवून चालायचंय, त्यामुळे प्रश्न विचारू देणारा डॉक्टर हवा.

आधी ते ‘दोन वेगळे आजार’ प्रकरण बघू, कारण सगळा गुंता तिथेच आहे. लिंच सिंड्रोम नावाची एक गोष्ट आहे. आपल्या पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते, त्यात चुका होतात, त्या दुरुस्त करणारे जीन असतात, एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ अशी त्यांची नावं. त्यातलाच एखादा जन्मापासून बिघडलेला असला की चुका साठत जातात आणि कॅन्सर लवकर, म्हणजे चाळिशी-पन्नाशीतच होऊ शकतो. कुठे? मुख्य म्हणजे मोठ्या आतड्यात आणि बायकांमध्ये गर्भाशयात. अंडाशय, जठर, लहान आतडं, मूत्रमार्ग हेही त्या यादीत येतात. म्हणजे भावाला आतड्याचा आणि बहिणीला गर्भाशयाचा हे दोन वेगळे आजार दिसले तरी मूळ एक असू शकतं. आणि ही काही फार दुर्मिळ गोष्ट नाही, साधारण ३०० माणसांत एकाकडे असा जीन असतो असं धरतात, बहुतेकांना पत्ताच नसतो.

हे डॉक्टरांना कळलं ते सुद्धा एका शिवणकाम करणाऱ्या बाईमुळे. अमेरिकेत मिशिगनमध्ये वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांच्याकडे कपडे शिवणारी बाई १८९५ मध्ये त्यांना म्हणाली की आमच्या घरातली माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात, मीही तशीच जाणार. आणि ती खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिननी तिच्या घराण्याची नोंद १९१३ मध्ये छापली, पुढे १९६६ मध्ये हेन्री लिंच यांनी अशाच घराण्यांवर लिहिलं आणि नाव त्यांचं पडलं. मी हे एवढ्यासाठी सांगतेय की तुमच्या मनात जे येतंय, ‘आमच्या घरातच काहीतरी आहे’, ते वेडेपणाचं नाही.

डॉक्टर लोकांची एक जुनी मोजपट्टी आहे, असे कॅन्सर झालेले तीन नातेवाईक, सलग दोन पिढ्या, आणि त्यातला निदान एक पन्नाशीच्या आत. तुमच्याकडे आई, मामा, मावशी असे तीन झाले, आई आणि मावशी पन्नाशीच्या आतल्या. दुसरी पिढी आजीची, ती गाठ कसली होती ते ठाऊक नाही म्हणून मोजपट्टी पुरी भरत नाही. पण न भरल्यामुळे धोका नाही असं अजिबात नाही, हल्ली अशा घराला जीन टेस्टचा सल्ला देतातच.

आता तुमचं पोट. मला वाटतं तुम्ही दोन प्रश्नांची एकच मोळी बांधलीय आणि म्हणून ती उचलत नाहीये. गॅस, पोट फुगणं, कधी बद्धकोष्ठ कधी पातळ, हे हजारो लोकांना असतं आणि बहुतेकांना कॅन्सर नसतो, आयबीएस, म्हणजे नुसतं आतडं नाजूक असणं, असतं, दूध पचत नसतं, थायरॉइड असतो, जेवायच्या वेळांचा घोळ असतो. शाळेच्या नोकरीत डबा कधी अकराला कधी दीडला, हे मी सांगायला नको. याच्यावर नीट इलाज व्हायला हवा, ‘टेन्शन कमी करा’ हा इलाज नव्हे. पण हे उद्या बरं झालं तरी दुसरा प्रश्न जिथल्या तिथेच राहणार, तुमच्या आतड्याची तपासणी व्हायला हवी ती लक्षणं आहेत म्हणून नाही, घराण्यामुळे. उलट लक्षणं थांबली म्हणून तपासणी टाळली तर तो खरा धोका.

आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा, वरून केलेली एंडोस्कोपी अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात एवढंच बघते. मोठं आतडं त्यात दिसत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली, त्यानेही आतड्यातला लहान पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेला कोंब, दिसत नाही. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये सीईए नावाची रक्ताची टेस्ट टाकतात आणि लोक ‘कॅन्सरची टेस्ट नॉर्मल आली’ म्हणून पेढे वाटतात, ती टेस्ट या कामासाठी नाहीच, निदान झालेल्या पेशंटवर लक्ष ठेवायला ती वापरतात. मोठं आतडं आतून बघायला कोलोनोस्कोपीच लागते.

म्हणजे तिसऱ्या डॉक्टरने दिलेली तारीख बरोबर होती हो. साधा नियम असा की आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, नाहीतर त्या व्यक्तीच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी. आई ४६, त्यातून १० वजा करा. तुमचं वर्ष हेच आहे. आणि लिंच निघाला तर नियम आणखी कडक, बिघडलेला जीन कोणता त्यावर ठरतं, एमएलएच१ किंवा एमएसएच२ असेल तर २०-२५ पासून दर एक-दोन वर्षांनी, बाकीच्या दोघांत थोडं उशिरा सुरू करतात. इतक्या लवकर लवकर का, तर एरवी पॉलिपचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, लिंचमध्ये ते दोन-तीन वर्षांतही होऊ शकतं. पण पॉलिप सापडला की त्याच वेळी काढतात आणि तो कॅन्सर होतच नाही. फिनलंडमध्ये अशा घराण्यांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं, दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करणाऱ्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाला, २००० साली ते छापून आलं. या सगळ्या भीतीदायक विषयात मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट हीच वाटते, इथे करण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते चालतं.

तर डॉक्टर कसा ओळखायचा. पाटीवर बघा, डीएम किंवा डीएनबी गॅस्ट्रोएंटेरोलॉजी असेल तर पोटाचं वेगळं शिक्षण घेतलंय. बरेच सर्जनही कोलोनोस्कोपी उत्तम करतात, त्यामुळे नुसत्या पदवीवर अडू नका. नोंदणी खरी आहे का ते नॅशनल मेडिकल कमिशनच्या यादीत किंवा गोवा मेडिकल कौन्सिलकडे बघता येतं. पण माझ्या मते खरी परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत होते. तो किंवा ती घरच्यांबद्दल विचारते का, कोणाला, कितव्या वर्षी, आईच्या बाजूचे की वडिलांच्या? तुम्ही कागद पुढे केलात तर तो वाचते की बाजूला सारते? ‘जीन टेस्टचं मला फारसं माहीत नाही, पण तुम्हाला योग्य ठिकाणी पाठवते’ असं सरळ म्हणणारी डॉक्टर मला ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त विश्वासाची वाटते.

मग विचारायचे प्रश्न, आणि विचारताना लाजायचं नाही. तुम्ही कोलोनोस्कोपी नेहमी करता का? आतड्याच्या टोकापर्यंत, सीकमपर्यंत पोचल्याचा फोटो रिपोर्टमध्ये लावता का? दुर्बीण बाहेर काढताना निदान सहा मिनिटं तरी बघत बघत काढता का, कारण पॉलिप तेव्हाच सापडतात आणि घाईत निसटतात. पोट किती साफ झालं होतं ते रिपोर्टमध्ये लिहिता का? पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढणार की परत बोलावणार? आणि शेवटचा, पुढची कधी? ज्या रिपोर्टवर पुढची तारीख किंवा निदान वर्ष नाही तो तुमच्यासारख्यांच्या बाबतीत अर्धाच रिपोर्ट. हे विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे परत जायची गरज नाही.

गोव्यात मुंबई-बेळगावहून महिन्यातून एक-दोनदा येणारे मोठे डॉक्टर असतात, त्यांच्याबद्दल लोक विचारतात. ते वाईट असं मुळीच नाही. पण पॉलिप काढल्यावर क्वचित का होईना रक्त जातं, पोटात दुखायला लागतं, तेव्हा रात्री फोन कोणाला करायचा हे आधीच विचारून ठेवा. तो माणूस इथलाच हवा, चोर्ला घाटापलीकडचा नको.

मुंबई गाठू का? कोलोनोस्कोपीसाठी अजिबात नको. बांबोळीला जीएमसी, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, आहे, खाजगीत पणजी, मडगाव, म्हापसा भागात चांगली सोय आहे. गर्दीमुळे जीएमसीत दिवस मोडतो हे खरं, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, पण तिथे सर्जरी, मेडिसिन, कॅन्सरवाले सगळे एकाच आवारात, एका विभागाने दुसरीकडे पाठवलं तर तुम्ही तिथल्या तिथे जाता. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड असेल तर ते घेऊन जा आणि तुमची प्रोसिजर त्यात बसते का ते आधी काउंटरवर विचारा, नंतर विचारून उपयोग होत नाही.

मुंबई लागेल ती जीनच्या प्रश्नासाठी. परळच्या टाटा मेमोरियलकडे आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे, कोकणकन्येने रात्री बसलात तर सकाळी दादर. जेनेटिक काउन्सेलिंग, म्हणजे जीन टेस्टबद्दलचा सल्ला, हल्ली बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ कॉलवरही करतात, त्यामुळे आधी फोन करून ते विचारा आणि मगच तिकीट काढा.

पण टेस्ट पहिल्यांदा तुमची करू नका. हे फार लोकांना कोणी सांगत नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते. टेस्ट पहिल्यांदा ज्याला आजार झालाय त्याची करायची असते, म्हणजे तुमच्या घरात मावशीची. तिच्यात बिघडलेला जीन सापडला की मग तुम्ही, भाऊ, मावसभावंडं, मामाची मुलं यांना तेवढी एकच जागा तपासायची, ती टेस्ट स्वस्तही पडते आणि उत्तर स्वच्छ येतं, आहे किंवा नाही. उलट फक्त तुमची केली आणि नॉर्मल आली तर कळणार कसं की घरात जीन आहे पण तुमच्याकडे आला नाही, की त्या टेस्टला तो सापडलाच नाही? खोटा दिलासा तो. कधी कधी उत्तर ‘अर्थ स्पष्ट नसलेला बदल’ असंही येतं, त्यावर कोणतंही ऑपरेशन-बिपरेशन ठरवायचं नसतं, पुढे त्याचा अर्थ बदलू शकतो.

त्याआधी आणखी एक स्वस्त पायरी आहे. मावशीचं गर्भाशय काढलं तेव्हा गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, हॉस्पिटल तो बरीच वर्षं सांभाळतं. त्या ब्लॉकवर आयएचसी नावाची तपासणी करून वर सांगितलेले चार जीन जी दुरुस्तीची प्रथिनं बनवतात ती आहेत की नाहीत ते बघता येतं. एखादं गायब असलं की संशय पक्का होतो आणि कुठला जीन बघायचा तेही कळतं. मावशीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट शोधा, डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, पॅथॉलॉजीचाच हवा, काहींची ही तपासणी तेव्हाच झालेली असते आणि कागद कपाटात पडून असतो. आईच्या मुंबईच्या हॉस्पिटललाही एक अर्ज टाका, फाइल नंबर असला तर ब्लॉक मिळू शकतो.

मावशीशी बोलणं नाजूक आहे. तिला ‘तुझ्यामुळे आम्हाला’ असं वाटू देऊ नका. तिचं गर्भाशय गेलंय म्हणून तिचा धोका संपला असं तिला वाटत असेल, पण लिंच असेल तर तिच्या आतड्याचीही तपासणी लागेल, म्हणजे ही टेस्ट आधी तिच्याच फायद्याची आहे. तिथून सुरुवात करा.

आणि तुमचा भाऊ. त्याला मी वाईट म्हणणार नाही, आपल्याकडे सोयरिकीच्या वेळी ‘घरात कसलं दुखणं’ हा प्रश्न येतोच आणि त्याची भीती खोटी नाही. पण त्याला दोन गोष्टी शांतपणे सांगा. एक, असा जीन आईकडून मुलाकडेही तितकाच येतो, शक्यता निम्मी-निम्मी, बाई-पुरुष असा भेद त्यात नाही आणि त्याच्याकडून तो त्याच्या मुलांकडे जाऊ शकतो. दुसरं, जीनचा रिपोर्ट त्याला नको असेल तर नको, ती जबरदस्ती कोणी करू नये, पण कोलोनोस्कोपी त्यालाही लागतेच, जीन कळो न कळो, आणि कोलोनोस्कोपी केली हे गावभर सांगायची काही गरज नसते. चवथीला सगळे मूळ घरी जमतातच, तेव्हा आरती झाल्यावर सगळ्यांसमोर हा विषय काढू नका, पण कोणीतरी एक वयस्क मामी-आत्या गाठून आजीच्या गाठीबद्दल, तिच्या भावंडांबद्दल जे आठवतं ते लिहून घ्या.

तुमच्यासाठी आणखी थोडं. गर्भाशयाकडे दुर्लक्ष नको, पाळीच्या मधे किंवा वेळेआधी रक्त जायला लागलं तर गायनॅककडे जा आणि मावशीचं सांगा, ‘या वयात होतं’ यावर थांबू नका. लिंच निघालाच तर पुढे मुलं नको असतील तेव्हा गर्भाशय-अंडाशय काढण्याचा विषयही निघतो, तो घाईत ठरवायचा नसतो. अ‍ॅस्पिरिनबद्दल कुठेतरी वाचाल, लिंचच्या पेशंटना रोज ६०० मिलिग्रॅम दिल्यावर काही वर्षांनी आतड्याचे कॅन्सर कमी झाले असा अभ्यास २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, तो खरा आहे, पण मनाने गोळी सुरू करू नका, जठरातून रक्त जाऊ शकतं. शौचातून रक्त, विनाकारण वजन उतरणं, हिमोग्लोबिन सारखं कमी, यातलं काही दिसलं तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नका, तारखेची वाट न बघता जा. मूळव्याध असेलही, पण तुमच्या घरात ते बघून मगच म्हणायचं.

कोलोनोस्कोपीची भीती बहुतेकांना आदल्या दिवसाची जास्त असते. भूल देतात, कळत नाही काही. आधीचे दोन-तीन दिवस नाचणी, पालेभाजी, बियांची फळं बंद, आदल्या दिवशी पेजेचं वरचं निवळ पाणी, शहाळं, साखर-लिंबू. सोलकढी आणि कोकम सरबत मात्र नको, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. औषधाचं पाणी अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं पहाटे असं दोन वेळा घ्यायला देतात का ते विचारा, त्याने पोट जास्त चांगलं साफ होतं. बाई अटेंडंट हवी असेल तर आधीच सांगा, देतात. आणि स्कूटर घेऊन जाऊ नका, भुलीनंतर त्या दिवशी चालवायची नसते, नवऱ्याला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या.

मुलीचं विचारलंत. ९ वर्षांच्या मुलीची लिंचसाठी टेस्ट करत नाहीत, ती १८ ची झाली की तिने स्वतः ठरवायचं, कारण त्याआधी कळून करण्यासारखं काही नसतं. याला एक अपवाद, एफएपी नावाचा दुसरा आनुवंशिक आजार, त्यात आतड्यात शेकडो पॉलिप होतात आणि मुलांची तपासणी १०-१२ व्या वर्षापासून सुरू करतात. तुमच्या घरच्या वर्णनावरून तो वाटत नाही, पण तुमच्या कोलोनोस्कोपीत ते दिसेलच, आणि आईच्या जुन्या रिपोर्टमध्ये ‘असंख्य पॉलिप’ असं काही लिहिलंय का तेही बघा. तसं काही निघालं तर मला परत लिहा आणि मुलीच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. नाहीतर तिच्यासाठी सध्या एवढंच करा, तुमचा, मावशीचा आणि आईचा जो काही कागद हाताला लागेल त्याच्या कॉपी एका फाइलमध्ये तिच्या नावाने ठेवा.